शेवंताबाईच्या गार शेवया

आमच्या सेक्टरमध्ये कुणी कुठला मासा खायचा, हे शेवंताबाई ठरवायची. आपण पापलेट मागावं, तर ती टोपलीवरचा ओला फडका उचलून आत बघणार, मग आपल्या तोंडाकडे बघणार आणि म्हणणार, "पापलेट नको. कालचा हाय. बोंबील घे." स्वतःच्या मालाला कालचा म्हणणारी मासेवाली मी तरी दुसरी पाहिली नाही. तिच्याशी घासाघीस करायची कुणाची टाप नव्हती. एकदा तळमजल्यावरच्या एका बाईंनी केली, तर त्यांना पुढचे सगळे बुधवार वांगी खावी लागली.

आम्ही गिरगाव सोडून वाशीला आलो तेव्हा माझी आई रडली होती. खाडीपूल ओलांडून जाणं म्हणजे तिच्या लेखी काळ्या पाण्याची शिक्षाच होती. नवऱ्याचं, दिनानाथचं, ऑफिस बेलापूरला हललं होतं आणि सिडकोचा फ्लॅट लागला होता, म्हणून आलो. आजूबाजूला अर्ध्या बांधलेल्या इमारती, चिखल आणि डास. शेजारीपाजारी सगळे माझ्यासारखेच गोंधळलेले. त्या ओसाडीत माझ्याशी पहिल्यांदा हक्कानं बोलली ती घणसोलीची ही शेवंताबाई. उंच, काटक, काष्ट्याचं लुगडं, आणि आवाज असा की खालून हाक मारली तर तिसऱ्या मजल्यावरची झोपलेली पोरं उठून बसायची. घरी नवरा सिताराम जाळी विणायचा आणि फारसा बोलायचा नाही. तिच्यापुढे बोलायला जागा तरी कुठे होती?

तर ही बाई शहाऐंशीच्या दिवाळीनंतर एका सकाळी माझ्या दारात आली, टोपली उतरवली, पण वरचा फडका काही उचलेना.

"बाय," ती म्हणाली, "तुला ती रंगीत शेवय करता येते काय?"

"कसली रंगीत शेवय?"

"चिनी. गार असते. आंबाट-गोड. वर शेंगदाने."

हळूहळू उलगडा झाला. तिचा मुलगा रोहिदास रबाळ्याच्या एका कारखान्यात होता. त्याची बायको चंदा लग्नाआधी तिथेच रेडिओचे भाग जोडायची. तिला दिवस गेले होते. सहावा महिना लागला तरी पोरीच्या उलट्या थांबत नव्हत्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला माशांचा वास सहन होत नव्हता. मासे विकून उभं राहिलेलं घर, आणि सून नाकाला पदर लावून परसात बसलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं की अशीच उपाशी राहिली तर दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागेल. शेवंताबाईनं खोदून खोदून डोहाळे विचारले. पोरगी लाजरी, आधी काही बोलेना. शेवटी म्हणाली की कारखान्यात मशीन लावायला एक जपानी साहेब आला होता, त्याच्या बायकोनं जाताना सगळ्या मुलींना एक थंड रंगीत शेवयांचा प्रकार करून घातला होता. तो खावासा वाटतो.

"डोहाळा पुरवला नाय तर पोराचे कान फुटतान," शेवंताबाई म्हणाली. "आनि तिला आई नाय, बाय. लहानपनीच गेली. आईनं घास भरवायचा तो आता मीच भरवनार. कबूल केलंय तिला."

आता खरं सांगायचं तर मी महिला मंडळात चायनीजचा क्लास केला होता. त्यात आम्हाला फ्राईड राईस आणि मंचुरियन शिकवलं, तेही इतकं गरम की शिकवणाऱ्या बाईंच्याच जिभेला चटका बसला. गार नूडल्स मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. पण नाही म्हणणं हे माझ्या स्वभावातच नाही.

"येते की," मी म्हणाले. "उद्या दुपारी या."

दुसऱ्या दिवशी ती आली ती उन्हाळ्यात केलेल्या घरच्या शेवयांचा डबा घेऊन. विकतच्या नूडल्सवर तिचा विश्वास नव्हता. शेवय ती शेवय, चिन्यानं केली काय आणि घणसोलीत केली काय, असं तिचं म्हणणं. आम्ही त्या उकळत्या पाण्यात टाकल्या आणि गाजर किसेपर्यंत त्यांची खळ झाली. पातेलं तिरकं केलं तर ती हलेचना. शेवंताबाईनं त्यात पळी उभी केली, पळी उभी राहिली.

"आकाशकंदील चिकटवायला बरी हाय," ती म्हणाली. आम्ही दोघी ओट्याला टेकून इतक्या हसलो की शेजारची बेल वाजवून विचारायला आली.

पण मला आता चेव चढला होता. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून झटपट नूडल्सची पाकिटं आणली. त्यातल्या मसाल्याच्या पुड्या काढून टाकल्या. त्या शेवंताबाईनं मुकाट्यानं कनवटीला लावल्या. नूडल्स अर्धवट कडक असतानाच उतरवल्या आणि चाळणीत ओतून नळाखाली धरल्या. शेवंताबाई किंचाळायचीच बाकी होती.

"शिजल्या अन्नाला आंघोल घालतंस?"

"नाहीतर गोळा होईल परत."

"आमच्यात गार जेवन पावन्याला दिला तर म्हनतील शिळा घातला."

"तुमच्या चंदानं गारच मागितलंय ना?"

तिनं चाळणी माझ्या हातातून घेऊन स्वतःच नळाखाली धरली. मग मी काकडी, गाजर, ढोबळी मिरची, सगळं काडीसारखं उभं चिरलं. रंग कमी वाटला म्हणून बीट घातलं आणि झटक्यात कालवलं. बीटानं आपला गुण दाखवला. काकडी गुलाबी, नूडल्स गुलाबी, माझी बोटं गुलाबी. दिनानाथ ऑफिसमधून आला, पातेल्यात डोकावला आणि म्हणाला, "रंगपंचमी यंदा लवकर आली का?"

त्यालाच मी कामाला लावलं. पुढच्या शनिवारी तो क्रॉफर्ड मार्केटला जाऊन सोया सॉस, व्हिनेगर आणि एक जांभळा कोबी घेऊन आला. तो कोबी! आमच्या इमारतीत तसला कोबी कुणी पाहिलाच नव्हता. चिरल्यावर आत पांढऱ्या-जांभळ्या नागमोडी रेघा निघाल्या, आणि वरच्या मजल्यावरच्या बायका नुसत्या तो बघायला येऊन गेल्या. शेवंताबाईनं अर्धा कोबी हातात घेऊन उजेडाला धरला. "कापडाचा काठ असावा तसा हाय," ती म्हणाली.

मी सॉसमध्ये व्हिनेगर, किसलेला गूळ, आलं-लसूण घातलं. चाखून पाहिलं तर काहीतरी राहतंय असं वाटत होतं. शेवंताबाईनं तोवर तीळ खरपूस भाजून खलबत्त्यात कुटले आणि कोमट तिळाच्या तेलात टाकले. तो वास घरभर पसरला आणि मला एकदम कळलं की जमलं. मी दोन काट्यांनी सगळं अलगद कालवलं. हिरवं, केशरी, जांभळं, मध्ये पिवळसर नूडल्स, वर भाजलेले शेंगदाणे आणि कोथिंबीर. एक घास खाल्ला. थंडगार, करकरीत, आंबट, गोड, तिखट. मी चक्क स्वयंपाकघरात उडी मारली. शेवंताबाईनं खाल्लं, डोळे मिटले, आणि दुसरा घास घेतला. दिनानाथनं ताटली चाटली. एवढा आनंद मला स्वतःच्या लग्नाच्या जेवणातही झाला नव्हता.

"उद्या घनसोलीत," शेवंताबाई म्हणाली. "माज्या घरी, माज्या हातानं."

दुसऱ्या दिवशी मी नूडल्स शिजवून, भाज्या चिरून, डबे भरून बसनं निघाले. गावात शिरले तर शेवंताबाईच्या ओट्यावर ही गर्दी. सगळ्या आळीला तिनं सांगून ठेवलं होतं. तिची जाऊ चांगुणाबाई पुढेच बसली होती, हाताची घडी घालून, म्हणजे काही चांगलं बोलायचा तिचा विचार नव्हता. आत चंदा बसली होती. एवढीशी पोर, गालाची हाडं वर आलेली, डोळे मात्र माझ्या डब्यांवर. जांभळा कोबी दिसला तशी ती हसली.

शेवंताबाईनं राखेनं आणि लिंबानं हात धुतले. मी काटे पुढे केले तर ते बाजूला सारले. "हातानं कालवल्याबिगर जेवनाला चव येते काय?" अर्ध्या नूडल्स परातीत घेऊन तिनं त्या हातानं कालवल्या, सॉस घातला, पुन्हा कालवल्या. मग मोठा घास करून तो चंदाच्या तोंडाशी नेला. चंदानं तोंड उघडलं. तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं घास तोंडात घेतला खरा, पण पुढच्याच क्षणी उठून परसात धावली.

"शिळा घातला पोरीला," चांगुणाबाई म्हणाली. "गार जेवन बाधनारच."

मला वाटलं सोया सॉसचा वास असेल. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.  शेवंताबाईनं आपला उजवा हात सावकाश नाकाशी नेला आणि हुंगला. मग डावा हुंगला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मासळीचा वास तिच्या हातांनाच होता.

चंदा तोंड पुसत आत आली. "आय, शेवय चांगली हाय. माजाच प्वाट वंगाल."

"हो," शेवंताबाई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बाय, अर्ध्या उरल्या हायत ना? तू कालव. पोर उपाशी नको."

ती बाहेर जाऊन ओट्याच्या टोकाला बसली, हात पदरात गुंडाळून. मी काट्यांनी कालवून चंदाला ताटली दिली. पहिला घास तिनं घाबरत खाल्ला. दुसरा बऱ्यापैकी. तिसऱ्यानंतर ती मान वर करेना.

"खातंय काय?" बाहेरून आवाज आला.

"खातेय!"

"किती?"

"परत घेतलं!"

माझा जीव भांड्यात पडला. पोरीच्या ओठांना सॉस लागला होता, आणि ती शेंगदाणे बोटानं वेचून खात होती. रोहिदास दारात उभा राहून बायकोकडे बघत नुसता हसत होता. मी ही बातमी सांगायला बाहेर धावले, तर शेवंताबाई पुन्हा हात हुंगत बसली होती.

त्यानंतर आमच्याकडे शेवंताबाई येईनाशी झाली. टोपली घेऊन यायची ती चांगुणाबाई. "शेवंता अख्खा मार्गशीर्ष पालतंय," ती म्हणाली. "टोपली मना दिली." सेक्टरमध्ये हाहाकार उडाला. चांगुणाबाई मागाल तो मासा द्यायची, ताजा की कालचा ते देवाला माहीत. दिनानाथ तर सुतक असल्यासारखा जेवायचा. चंदासाठी मी अधूनमधून डबा करायचे, रोहिदास येऊन न्यायचा. पोरीचं पोट आता वरणभातालाही नाही म्हणत नाही, असं तो सांगायचा.

मग एका दुपारी दारावर थाप पडली. उघडते तर शेवंताबाई, टोपलीशिवाय. मी तिला टोपलीशिवाय रस्त्यावर कधी पाहिलंच नव्हतं. डोक्यावर भार नसल्यामुळे तिला उभं कसं राहायचं ते कळत नसावं, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. तिनं दोन्ही हात माझ्या नाकासमोर धरले.

"हुंग."

"शेवंताबाई, अहो..."

"हुंग म्हनतंय ना."

मी हुंगले. लिंबू, राख, चिंच, आणि त्याखाली सुखानं नांदणारी कोळंबी.

"आहे अजून," मी म्हणाले.

ती मान हलवून निघून गेली. काही दिवसांनी परत आली. बेसन लावून बघितलं होतं, दही लावून बघितलं होतं, कुणीतरी सांगितलं म्हणून टूथपेस्टनंही हात घासले होते. घरात मासळी शिजणं बंद होतं, सिताराम आणि रोहिदास भावकीत जाऊन जेवायचे. माझं नाक पुरेसं तयार नाही असं तिला वाटायला लागलं, तेव्हा तिनं दिनानाथला बोलावलं. मासे खाण्यात त्याचा हात धरणारा आमच्या इमारतीत कुणी नव्हता. त्यानं चष्मा काढून, डोळे मिटून हात हुंगले.

"कोळंबी गेली," तो गंभीरपणे म्हणाला. "बांगडा आहे. थोडी सुरमई."

"अरे मुडद्या, कंच्या बोटाला?"

"अंगठ्याला."

ती अंगठा धरून घणसोलीला परत गेली. पुढच्या वेळी बांगडाही गेला होता. आमच्या जिन्यात तर हा खेळच झाला. शेवंताबाई दिसली की बायका दारं उघडून नाकं पुढे करायच्या, आणि मग आपसात वाद घालायच्या. मीही त्यात रंगून गेले होते. एकदा मात्र मी सहज बोलून गेले, "एवढं कशाला करताय? चंदाच्या ओटीभरणाच्या दिवशी मी येऊन कालवते ना."

तिचा चेहरा असा झाला की मी शब्द गिळायला तयार होते.

"तू कालवशील एक दिस," ती म्हणाली. "तिला पैला घास आईच्या हातचा लागतो. मी हाय ना आई? का नाय? बाळ आल्यावर त्याला न्हाऊ मीच घालनार, का तेवाबी तुला बोलवू? या हातानी घर चालवला, बाय. ते माज्याच घरात चालत नायत." आणि ती माझ्या दारातच बसून रडली. मीही तिच्याशेजारी बसले आणि रडले. 

ओटीभरण मार्गशीर्षाच्या शेवटी होतं. मी आदल्या दिवशीच सगळी तयारी केली. दिनानाथनं पुन्हा क्रॉफर्ड मार्केट गाठून दोन जांभळे कोबी आणले, या वेळी न सांगता. घणसोलीत पोचलो तर दारात रांगोळी, ओट्यावर बायका गाणी म्हणताहेत. चंदा हिरव्या साडीत पाटावर बसली होती. गाल भरले होते, नाकात नवी नथ. समोर पंचपक्वान्नांची ताटं होती, आणि मधोमध रिकामी परात आमच्या शेवयांसाठी ठेवलेली. म्हाताऱ्या बायका माझे डबे वाकून वाकून बघत होत्या.

शेवंताबाईनं मला मागच्या दारी नेलं. हात पुढे केले. "शेवटचा हुंग."

मी हुंगले. तिळाचा वास होता, लिंबाचा होता. मी पुन्हा हुंगले. अगदी खाली, कातडीच्या आत, खाडीचा वास होता. मी तोंड उघडायच्या आधीच तिनं माझा चेहरा वाचला.

"हाय ना?"

"थोडासाच."

 ती आत गेली, परात माझ्यासमोर सरकवली आणि म्हणाली, "तू कालव." बायकांची गाणी थांबली. मी काटे उचलले. 

"आय," पाटावरून चंदा म्हणाली. "तू कालव."

"नको गो. मागल्यासारखा होईल."

"होऊ दे. तू कालव." मग चंदा खाली बघत म्हणाली, "मार्गशीर्षात टोपली खाली ठेवायची आपल्यात रीत नाय. तू कुनासाठी ठेवलीस, मना काय ठावं नाय होय?"

शेवंताबाई माझ्याकडे बघायला लागली. मी काटे खाली ठेवले. तिनं बाह्या सरसावल्या आणि परातीत हात घातला. नूडल्स, कोबी, गाजर, काकडी, सगळं तिनं खालून वर उचलून कालवलं, एकही काडी न मोडता. सॉस घातला, तीळ घातले, शेंगदाणे पेरले. मग घास केला आणि चंदाच्या तोंडाशी नेला, पण थोडा लांबच धरला. चंदानं दोन्ही हातांनी तिचं मनगट धरून तो जवळ ओढला.

तिनं घास तोंडात घेतला. चावला. डोळे मिटले. चांगुणाबाईनंही हाताची घडी सोडली होती. चंदानं गिळलं. ती उठली नाही. एक लांब नूडल शेवंताबाईच्या बोटाला चिकटून राहिली होती, ती तिनं ओठांनी बोटावरून ओढून घेतली.

"आजून दे, आय," ती म्हणाली.

बाहेर गाणी परत सुरू झाली. शेवंताबाईनं कुणाकडे पाहिलं नाही. गुडघ्यावर बसून, एकेक घास करत तिनं अर्धी परात तिला भरवली.